हाली आणि कलदार : सरहद्दीवरील बट्ट्याची हकीकत

'घराण्याच्या नांवाला बट्टा लागला' असें मराठींत म्हणतात, तेव्हां बोलणाराच्या मनांत अब्रूचा विचार असतो, पैशाचा नसतो. पण हा शब्द सराफाच्या पेढीवर रुळलेला आहे. एक नाणें देऊन दुसरें घ्यावयाचें झालें म्हणजे जी तूट सोसावी लागते तिला बट्टा म्हणत. पुण्यामुंबईच्या माणसाला या शब्दाचा व्यवहारांतला अर्थ हळूहळू परका होत गेला, कारण १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सगळ्या मुलखासाठीं एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया ठरवून दिला. मराठवाड्यांतील माणसाला मात्र बट्टा पुढें शंभराहून अधिक वर्षें रोजच्या जगण्यांत भेटत राहिला.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील चकलांबा हें गांव घ्या. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला तें वसलें आहे आणि तेथून शेवगांव तालुका फारसा दूर नाहीं. आज दोन्ही तालुके एकाच राज्यांत आहेत. १९४७ पर्यंत मात्र या दोहोंमधली हद्द दोन सरकारांची हद्द होती. चकलांब्याकडील बाजू निजामाची, म्हणजे लोकांच्या बोलींत 'मोगलाई'. शेवगांवाकडील बाजू अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतली, म्हणजे इंग्रजी मुलूख. भाषा एक, पेरणीपाणी एक, सोयरीक एकमेकांत. पैठणचे नाथ मोगलाईंत आणि मढीचे कानिफनाथ इंग्रजींत. पण यात्रेकरूंना त्याचें कांहीं वाटत नसे. हद्द ओलांडतांना जी गोष्ट खरोखर बदले ती म्हणजे कनवटीचा रुपया. अलीकडे 'हाली', पलीकडे 'कलदार'.

'हाली' म्हणजे चालू, हल्लींचा. हें नांव उगाच पडलेलें नाहीं. अठराव्या शतकांत व पुढेंही कित्येक वर्षें दक्षिणेंत इतक्या प्रकारचे रुपये फिरत कीं, कोणता चालू आणि कोणता जुना हाच पहिला प्रश्न असे. पेशवाईकडे अंकुशी व चांदवडी, निजामाकडे गोविंदबक्षी व आणखी कांहीं. गेवराई तालुक्यांतच गोदाकांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १७६३ सालीं माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला. अशा लढायांनीं मुलूख इकडचा तिकडे होई आणि त्याबरोबर नाण्यांची सरमिसळही होई. सराफ रुपया हातांत घेई, वाजवून पाही, वजन करी, शिक्का न्याहाळी आणि मग बट्टा सांगे. पुढें दिवाण सालारजंग यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८५३ ते १८८३ या काळांत, ठिकठिकाणच्या टांकसाळी मागें पडल्या आणि हैदराबादच्या टांकसाळीचा हाली सिक्का हें राज्याचें मुख्य नाणें झालें. 'कलदार' हा शब्द 'कळ' म्हणजे यंत्र यावरून आलेला. इंग्रजांचा रुपया यंत्रावर पाडलेला, कडेला बारीक खांचा असलेला. त्याची कड कोणीं कातरली तर लगेच दिसून येई. हाली रुपया मात्र पुष्कळ वर्षें हातोड्यानेंच ठोकला जात असे.

आतां या दोन रुपयांची किंमत कशी ठरे तें पाहूं. कलदार रुपया पुरा एक तोळा, म्हणजे बारा मासे. घरोघर सोनेंरुपें तोलतांना वजन म्हणून कलदार रुपयाच पारड्यांत टाकीत, तें याचमुळें. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें, म्हणजे अकरा मासे. हाली रुपयाचें वजन साडेअकरा मासे; दिसावयास फरक अर्ध्या माशाचा. पण त्याचा कस उतरता होता : हजार भागांत ८१८ भाग रुपें. म्हणजे शुद्ध रुपें भरे नऊ मासे आणि सुमारें सवातीन गुंजा. या हिशेबानें शंभर कलदारांत जेवढें रुपें तेवढें मिळण्यास सुमारें ११६ रुपये १५ आणे हाली लागावेत. आणि पुढें सरकारी रीतीनें रूढ झालेला दर होता १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली; म्हणजे सोप्या भाषेंत सहा कलदारास सात हाली. धातूचा हिशेब आणि दरबारचा हिशेब यांत शंभरामागें जेमतेम चार आण्यांचें अंतर. मोगलाईंतील रुपया 'हलका' म्हणून इंग्रजी मुलखांत त्याची थट्टा होई; परंतु तो जितका हलका होता तितकाच बट्टा त्याला होता. त्यांत फसवणुकीचा कांहीं भाग नव्हता.

फसवणूक शिरे ती हिशेब करण्याच्या रीतींत.

सहास सात हा दर शेंकड्यांत मांडला कीं त्याचीं दोन रूपें होतात. शंभर कलदार देणाराला १६ रुपये १० आणे ८ पै वर मिळतात. यावरून लोक म्हणत, बट्टा शेंकडा सोळा-सतरा. पण शंभर हाली देऊन कलदार घेणाराला किती तूट यावी? त्याच्या हातीं ८५ रुपये ११ आणे ५ पै पडले पाहिजेत. म्हणजे तूट १४ रुपये ४ आणे ७ पै. शेंकडा सव्वाचौदा, सोळा-सतरा नव्हे. आतां एखाद्या पेढीवाल्यानें शंभर हालींतून सरळ १६ रुपये १० आणे ८ पै वजा करून ८३ रुपये ५ आणे ४ पै हातावर ठेवले, तर ऐकणाराला दर तोच वाटतो, वजाबाकीही बरोबर दिसते, आणि तरी २ रुपये ६ आणे १ पै गेलेले असतात. त्रैराशिक शिकलेल्या मुलाला हें पाटीवर पांच मिनिटांत दाखवितां येईल. पण ज्या शेतकऱ्यानें शाळा पाहिलेली नाहीं त्याला तोंडी हिशेबांत हा खड्डा दिसणें कठीण होतें. सहास सात हें प्रमाण जो पाठ ठेवी तो वांचे. जो शेंकड्याच्या नादीं लागे तो बुडे. जुन्या शाळांतून व्याजबट्ट्याचें गणित इतकें घोंकून घेत, त्याला असे व्यवहार कारण होते.

बट्ट्याशिवाय दुसरा खर्च म्हणजे सराफाची मजुरी. तिचीं नांवें निरनिराळीं : कोठें सराफी, कोठें आडत, कोठें कसर. रोख रुपये नेण्याऐवजीं हुंडी घेतली तर हुंडणावळ. पुण्याहून हैदराबादेस किंवा नगराहून औरंगाबादेस पैसा पाठवावयाचा तो थैल्यांतून न्यावा तर वाटेंत चोरांचें भय. म्हणून व्यापारी हुंडी लिहून घेत. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत; मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावें लागे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारांत ज्याची पत आहे अशालाच मिळत, त्यामुळें ती वाटेंत कोणाच्या हातीं लागली तरी सहज वटत नसे. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ, अशी दुसऱ्या तिसऱ्या प्रतीची सोय. वटलेल्या हुंडीला खोका म्हणत. ही सगळी व्यवस्था फार पक्की होती आणि ती चालविणारीं मारवाडी, गुजराथी व ब्राह्मण सावकारांचीं घराणीं पतीला जपणारीं होतीं. सराफ म्हणजे लुटारू ही समजूत अर्धवट आहे. त्यानें धोका पत्करला, नाणीं सांठवून ठेवलीं, खोट्या नाण्याचा तोटा सोसला. त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. तक्रार करावयाची तर ती मजुरी कोठें लपविली जाई याबद्दल करावी.

समजा, एका पेढीनें सांगितलें कीं आमच्याकडे सराफी मुळींच नाहीं, साठ कलदारांचे एकोणसत्तर हाली घेऊन जा. दुसरीनें सांगितलें कीं दर पुरा, साठास सत्तर, मात्र सराफी आठ आणे पडेल. पहिली पेढी उदार वाटते. पण तिनें एक रुपया ठेवून घेतला आहे, दुसरीनें आठच आणे. फरक एवढाच कीं दुसरीचे आठ आणे डोळ्यांसमोर मोजून दिले आणि पहिलीचा रुपया दराच्या पोटांत गेला. परदेशांतील मुलानें वा भावानें पाठविलेला डॉलरचा किंवा पौंडाचा चेक घेऊन बँकेंत जाणाऱ्या आजच्या कुटुंबालाही हेंच कोडें सोडवावें लागतें. तारेनें आलेल्या रकमेला एक दर, चेकाला त्याहून कमी दर, कारण चेकाचे पैसे परदेशांतून वसूल होईपर्यंत बँकेला थांबावें लागतें. वर वसुलीचें कमिशन, आणि कधीं कधीं तिकडील बँकेनेंही आपला भाग कापलेला. ज्या बँकेचें कमिशन कमी तिचा दर चांगला असेलच असें नाहीं. शेवटीं हातांत किती रुपये पडले हा एकच आंकडा दोन बँकांची खरी तुलना करूं शकतो. सरहद्दीवरचा शहाणा कुणबीही 'बट्टा किती?' असें न विचारतां 'हातांत किती?' असेंच विचारता.

ही तुलना केवळ पेढीपुरती नव्हती. कोणत्या बाजारीं माल न्यावा हें तिच्यावर ठरे. चकलांब्याच्या बाजूच्या माणसाला दोन वाटा खुल्या होत्या. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं झाल्यापासून नगर हें जवळचें इंग्रजी बाजाराचें ठिकाण झालें. पुढें १९०० च्या सुमारास निजामाचा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना करीत सिकंदराबादेस गेला आणि जालन्याची पेठ जवळ आली. नगरास भाव कलदारांत, जालन्यास हालींत. समजा, गाडीभर कापसाचे नगरास साठ कलदार येतात आणि जालन्यास अडुसष्ट हाली. साठाचे सत्तर होतात, तेव्हां नगर बरें असें प्रथम वाटेल. पण हद्दीवर निजाम सरकारचा करोडगिरीचा नाका असे आणि मालाच्या किंमतीवर शेंकडा पांच जकात द्यावी लागे. सत्तरांतून साडेतीन गेले, राहिले साडेसहासष्ट. त्यांतून सराफाचे आठ आणे गेले, राहिले सहासष्ट. जालन्याचे अडुसष्टच बरे. भाव जरा इकडे तिकडे झाला कीं उत्तर उलटें येई. दर हंगामांत, बैल जुंपण्यापूर्वीं, हें गणित नव्यानें करणें भाग होतें; आणि ज्याला तें येत नसे त्याच्या वतीनें तें आडत्या करी, अर्थात् आपल्या सोयीनें.

शहरांतील लोकही यांतून सुटले नाहींत. पुण्यास शिकावयास गेलेल्या मोगलाईंतील विद्यार्थ्याचे घरून निघालेले सत्तर रुपये पुण्यांत साठच भरत. इंग्रजी मुलखांतील वर्तमानपत्राची वर्गणी, पुस्तकाची किंमत, पंढरीच्या वारींतला खर्च हीं सगळीं कलदारांत. कर्जरोख्यांत 'सिक्का हाली' कीं 'सिक्का कलदार' हें स्पष्ट लिहावें लागे. नुसतें 'रुपये शंभर' असें लिहिणें म्हणजे सोळा रुपयांच्या भांडणाला आमंत्रण. त्यांत मोगलाईंतील सरकारी कागदांवर फसली सन असे, तेव्हां रकमेबरोबर तारखेचेंही रूपांतर करावें लागे.

हा सहास सातचा दर मात्र नेहमींच स्थिर होता असें नाहीं. १८९३ च्या जूनमध्यें इंग्रज सरकारनें आपल्या टांकसाळी खाजगी रुप्यासाठीं बंद केल्या. तोंपर्यंत कोणीही रुपें नेऊन रुपये पाडून घेऊं शके, म्हणून रुपया व रुपें यांची किंमत बरोबर चाले. त्या दिवसापासून कलदाराचा रुप्याशीं असलेला संबंध तुटला. रुप्याचा भाव घसरला तरी कलदार त्याबरोबर घसरेना. हालीला तो आधार नव्हता. दोन्ही नाण्यांतील रुपें जेथल्या तेथें होतें, तरी त्यांच्यामधला दर हेलकावे खाऊं लागला. लंडन व सिमला येथें झालेल्या निर्णयाची झळ गोदाकांठच्या माणसाला अशी लागली, आणि ती कशामुळें लागली हें त्याला कोणीं सांगितलेंही नसेल. अखेर १९०४ च्या सुमारास हैदराबाद सरकारनें मीर महबूब अलीखान यांच्या वेळीं यंत्रावर पाडलेला, चारमिनारचें चित्र असलेला नवा रुपया काढला, नाणीं पाडण्याचें प्रमाण आपल्या हातीं ठेवलें, आणि दराला पुन्हां स्थैर्य येऊं लागलें.

पहिल्या महायुद्धांत रुप्याची टंचाई झाली तेव्हां १९१८ सालीं हैदराबादनें कागदी चलनाचा कायदा करून नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर इंग्रजी, मराठी, तेलुगू व कानडी या भाषांतही रक्कम छापलेली असे. मराठवाड्यांतील माणसाला आपल्या भाषेंत लिहिलेली नोट त्या राज्यांत पाहावयास मिळाली, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. नोट आल्यावर वाजवून पाहण्याची सराफाची विद्या निम्मी निकामी झाली. उरली ती दराची विद्या.

आणि दर हा आतां धातूवर उभा नव्हता, याचा पुरावा १९४० सालीं मिळाला. त्या वर्षीं इंग्रज सरकारनें युद्धाच्या ओढींत कलदार रुपयांतलें रुपें निम्म्यावर आणलें. नव्या कलदारांत शुद्ध रुपें सहाच मासे, आणि जुन्या चारमिनारी हालींत नऊ माशांवर. नुसता धातू तोलला तर आतां हालीच जड. तरी बाजारांत कलदार वरचढच राहिला, हालीला बट्टा लागतच राहिला. नाण्याची किंमत त्याच्या पोटांतील रुप्यावरून ठरते असें जो समजत होता त्याला हें कोडें सुटणें शक्य नव्हतें. ज्या रुपयाच्या मागें मोठा बाजार, मोठें सरकार आणि मुंबई बंदराचा व्यापार, तो रुपया वर. बाकी मासे-गुंजा सोनाराच्या कामाच्या.

हा दर सांभाळण्याचें काम पुढें बँकेकडे आलें. १९४१ च्या कायद्यानें हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२ च्या एप्रिलमध्यें तिचें काम सुरू झालें. उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था पाहणें हें तिच्या मुख्य कामांपैकीं एक होतें. जाहीर दरानें देवघेव करणारी संस्था आली कीं सराफाला दराच्या पोटांत फार कांहीं लपवितां येत नाहीं. कारण गिऱ्हाइकाला तुलना करावयास दुसरा आंकडा मिळालेला असतो. पण बँकेची शाखा शहरांत. खेड्यांतून तेथवर जाण्याचा खर्चच बट्ट्याहून जास्त. तेव्हां गांवांत जुनाच व्यवहार पुष्कळ अंशीं चालू राहिला असला तर नवल नाहीं.

मग १९४७ आलें. ऑगस्टमध्यें हद्दीपलीकडचा मुलूख स्वतंत्र हिंदुस्थानांत गेला, अलीकडचा निजामाकडेच राहिला. नोव्हेंबरच्या २९ तारखेला दिल्ली व हैदराबाद यांच्यांत जैसे थे करार झाला. आणि त्यानंतर लौकरच निजाम सरकारनें फर्मान काढून हिंदी चलन आपल्या राज्यांत कायदेशीर देवघेवीस अग्राह्य ठरविलें. दिल्लीनें याला कराराचा भंग म्हणून आक्षेप घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत ही एक ओळ असते. सरहद्दीवरच्या गांवांत मात्र तिचा अर्थ असा कीं, शेवगांवच्या बाजारांतून ज्याच्या गांठीं कलदार आले त्याला ते घरीं आल्यावर उघडपणें चालविणें अवघड. ज्या नाण्याला कालपर्यंत सात हाली मोजून देत, तेंच आज जवळ बाळगणें धोक्याचें. रझाकारांच्या त्या वर्षांत माणसांचे जीव गेले, घरें सोडावीं लागलीं. त्यांच्यापुढें नाण्याची अडचण लहान खरी, पण ती रोजची होती आणि कोणाचीच सुटली नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरमध्यें १३ तारखेला हिंदी फौजा हैदराबादेंत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची शरणागती झाली.

हद्द गेली तरी हाली लगेच गेला नाहीं. १९५० मध्यें हिंदी रुपया राज्यांत अधिकृत झाला आणि दोन्ही नाणीं सहास सात याच दरानें शेजारीं शेजारीं चालूं लागलीं. सत्तर हालीचा पगार कागदावर साठ रुपये असा उतरला. हिशेब चोख होता. पगारदाराला तरी दहा रुपये गेल्यासारखे वाटले असतील, कारण माणूस पगार आंकड्यानें मोजतो. दुकानदार भाजीचे, तेलाचे भाव सहास सातनें खालीं आणतो कीं नाहीं यावर खरा तोटा ठरणार होता, आणि त्याबाबत कोणतेंही फर्मान काढतां येत नाहीं. पुढल्या वर्षीं नवे हाली निघणें बंद झालें. १९५६ च्या नोव्हेंबरमध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं हैदराबाद स्टेट बँकेचें नांव बदलून स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालें. १९५७ च्या एप्रिलपासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हां ज्यांनीं आयुष्यभर सहास सात घोंकलें होतें त्यांना सोळा आण्यांचे शंभर पैसे शिकावे लागले. एका आण्याचे सहा पैसे कीं सव्वासहा, यावरून दुकानादुकानांत पुन्हां घासाघीस सुरू झाली. हाली सिक्का कायद्यानें पुरता रद्द झाला तो १९५९ सालीं. त्यानंतर चारमिनारी रुपया ज्यांच्या घरीं उरला तो गांठोड्यांत किंवा देव्हाऱ्यांत उरला, आणि तो मोडावयाचा झाला तर सोनार त्याचे साडेअकरा मासे तोलून भाव सांगे.